‘वर्णन आहे, विश्लेषण नाही’ म्हणजे नेमकं काय?

पत्र

नमस्कार ताई,

मी व्यवस्थापन शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. संघटनात्मक वर्तन, आम्ही त्याला ओबी म्हणतो, हा विषय पहिल्या सत्रात मला अगदी सोपा वाटला. कौतुक केलं की माणूस खूश होतो, साहेब तिरसट असला की लोक नोकरी सोडतात, यात शिकण्यासारखं काय आहे असं वाटून मी अभ्यासच केला नाही आणि जेमतेम पास झाले. या सत्रात मात्र सगळे सिद्धान्त, नावं, सालं तोंडपाठ केली. तरी केस स्टडीत पुन्हा गुण कमी. केस अशी होती: फोनवर ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा एक विभाग. महिन्यात सर्वांत जास्त कॉल घेणाऱ्याला बोनस सुरू केला. तीन महिन्यांत कॉलची संख्या वाढली, पण तेच तेच ग्राहक पुन्हा फोन करू लागले आणि दोन अनुभवी कर्मचारी राजीनामा देऊन गेले. मी चार पानं भरून प्रेरणेचे सिद्धान्त मांडणारे मॅस्लो, हर्झबर्ग, मॅक्ग्रेगर, व्रूम सगळे लिहिले. सरांनी शेरा मारला, ‘वर्णन आहे, विश्लेषण नाही.’

त्यात ग्रुप प्रोजेक्ट. आम्ही पाच जण. दोघं काहीच करत नाहीत, एक जण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. शेवटी मीच रात्री बसून सगळ्यांचे भाग पुन्हा लिहून काढते. मित्रमैत्रिणी म्हणतात, हा विषय हवेतला आहे, पुढच्या वर्षी फायनान्स घे. मला आकड्यांची भीती वाटते म्हणून ओबीच घ्यावा असं ठरवलं होतं, पण आता तेही धाडस होत नाही. काय करू?

– गोंधळलेली

उत्तर

प्रिय गोंधळलेली,

तू या विषयाची दोन्ही टोकं गाठून आली आहेस. आधी वाटलं, हे तर सगळ्यांना माहीतच असतं. मग वाटलं, हे सगळं पाठ करायचं असतं. दोन्ही वेळा गुण कमी पडले आणि माझ्या मते कारण एकच आहे. दोन्ही वेळा तू निष्कर्ष उचललेस आणि ते निघाले कसे, हे मागे सोडून दिलंस. या विषयाचा जीव त्या ‘कसे’मध्ये आहे. इतका माणसांच्या जवळचा विषय एका मेहनती मुलीच्या हाती नावांची यादी होऊन पडावा, याचं मला खरंच वाईट वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ‘हे तर माहीतच असतं’चा निकाल लावू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या मनःस्थितीचा फार मोठा अभ्यास झाला होता. १९४९ मध्ये समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी त्या अभ्यासाचा परिचय लिहिताना सुरुवातीलाच काही निष्कर्ष मांडले. खेड्यातून आलेले सैनिक लष्करी जीवनात शहरी सैनिकांपेक्षा जास्त आनंदी होते. साहजिक आहे, त्यांना खडतर आयुष्याची सवय असते. जास्त शिकलेल्यांना मानसिक त्रास जास्त झाला; तेही साहजिक. वाचक मान डोलावत असतानाच लाझार्सफेल्ड सांगतात की यातलं प्रत्येक विधान अभ्यासात आढळलेल्या गोष्टीच्या नेमकं उलट आहे. गंमत अशी की खरे निष्कर्ष आधी सांगितले असते, तर तेही आपल्याला तितकेच साहजिक वाटले असते.

आपल्या म्हणींकडेच बघ. ‘गाव करी ते राव न करी’ असं आपण म्हणतो आणि ‘सात सुगरणी, भाजी अळणी’ असंही म्हणतो. काम फत्ते झालं की पहिली काढायची, फसलं की दुसरी. तथ्य दोन्हीत आहे. पण उद्या सात जणांच्या हाती एक काम सोपवायचं असेल, तर कुठली खरी ठरेल? ओबी तिथून सुरू होतो: कुठल्या परिस्थितीत गट एकट्यापेक्षा सरस ठरतो, कुठल्या परिस्थितीत मागे पडतो आणि का.

किंवा ‘समाधानी माणूस चांगलं काम करतो’ हे वाक्य घे. यावर शंका घ्यावी असंही कुणाला वाटत नाही. १९८५ मध्ये त्यावरचे तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा समाधान आणि कामगिरी यांच्यातला सहसंबंध सरासरी ०.१७ निघाला. २००१ मध्ये टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी जास्त अभ्यास घेऊन, मोजमापातल्या त्रुटी वेगळ्या तऱ्हेने दुरुस्त करून तो ०.३० असा काढला. एक म्हणजे पूर्ण जुळणी, शून्य म्हणजे काहीच नातं नाही. तेव्हा नातं आहे, पण आपण गृहीत धरतो त्याहून बरंच सैल. शिवाय समाधानामुळे काम सुधारतं, की काम चांगलं झालं म्हणून माणूस समाधानी होतो, की चांगला वरिष्ठ मिळाल्यामुळे दोन्ही एकदम घडतं? जे वाक्य तुला पहिल्या सत्रात शिकण्यासारखं वाटलं नाही, त्याच्या पोटात एवढं आहे.

आता पाठांतराकडे येते. हॉथॉर्नचे प्रयोग तुला येत असतीलच: वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी, शिकागोजवळचा कारखाना, १९२४ ते १९३२, एल्टन मेयो. आणि निष्कर्ष: कामगारांकडे लक्ष दिलं की उत्पादन वाढतं. परीक्षेत इतकं लिहून दोन-चार गुण मिळतात. पण रिले, म्हणजे टेलिफोन यंत्रणेतले छोटे विद्युत स्विच, जोडण्याच्या त्या चाचणी खोलीत जरा आत जाऊन बघ. रिले जोडणाऱ्या पाच जणी आणि त्यांना सुटे भाग देणारी एक. १९२७ पासून त्यांना विश्रांतीच्या सुट्ट्या दिल्या, कामाचे तास कमी केले, उत्पादन वाढत गेलं. त्याच वेळी त्यांच्या मोबदल्याची पद्धतही बदलली होती. आधी मोठ्या विभागाच्या एकत्रित उत्पादनावर पैसे मिळत, आता या छोट्या गटाच्याच उत्पादनावर मिळू लागले. १९२८ च्या सुरुवातीला त्यातल्या दोघींना, त्या बोलतात फार आणि सहकार्य करत नाहीत म्हणून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. १९२९ नंतर महामंदी आली आणि नोकरी जाण्याची भीती प्रत्येकीच्या डोक्यावर बसली. मग उत्पादन कशामुळे वाढलं? लक्ष दिल्यामुळे, पैशामुळे, माणसं बदलल्यामुळे, की भीतीमुळे? १९६७ मध्ये ॲलेक्स केरी यांनी या निष्कर्षांवर कडक टीका केली. २०११ मध्ये स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट यांनी कारखान्यातला प्रकाश कमी-जास्त करून उत्पादन पाहणाऱ्या सुरुवातीच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी शोधून पुन्हा तपासली, तेव्हा पाठ्यपुस्तकात सांगतात तसा ठळक परिणाम त्यांना त्यात दिसला नाही.

त्याच कारखान्यातली दुसरी खोली मला जास्त शिकवून गेली. १९३१-३२ मध्ये तारा जोडण्याच्या कामावरच्या १४ पुरुषांच्या गटाचं निरीक्षण झालं. जास्त काम केलं तर जास्त पैसे, अशीच पद्धत होती. तरी दिवसभरात किती काम ‘पुरेसं’ याचा एक आकडा त्यांनी आपसात ठरवून टाकला होता आणि त्यापुढे जाणाऱ्याला टोमणे मिळत, वेळप्रसंगी दंडावर ठोसाही बसे. जास्त उत्पादन दाखवलं तर दर कमी होतील, माणसं कमी होतील, ही त्यांची धास्ती. एकाच कारखान्यातल्या दोन खोल्या. एकीत गटाने काम वाढवलं, दुसरीत गटानेच ते रोखून धरलं. या दोन खोल्यांत काय वेगळं होतं, या प्रश्नावर एक संध्याकाळ घालव. दहा सिद्धान्त पाठ करून जे मिळत नाही ते तुला त्यात मिळेल.

माणसाच्या गरजा पायरीपायरीने वर जातात असं सांगणाऱ्या मॅस्लोचंही तसंच. १९४३ चा त्यांचा लेख इंटरनेटवर मिळतो, वाचायला अवघड नाही. त्यात पिरॅमिड कुठेच नाही. टॉड ब्रिजमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्याचा माग काढला, तेव्हा तो १९६० च्या एका लेखापर्यंत, चार्ल्स मॅकडर्मिड नावाच्या सल्लागारापर्यंत पोहोचला. आणि मॅस्लो यांनी स्वतः लिहून ठेवलंय की हा क्रम वाटतो तितका ताठर नाही आणि खालची गरज शंभर टक्के भागल्यावरच वरची जागी होते असंही नाही. म्हणजे परीक्षेत ज्या पायऱ्या आपण एकावर एक चढून दाखवतो, त्यातला ताठरपणा बराचसा नंतरच्या लोकांनी आणलेला आहे.

तेव्हा कुठलाही सिद्धान्त समोर आला की वहीत त्याच्या व्याख्येच्या खाली लिही: कोणाला पाहिलं, कसं पाहिलं, काय मोजलं, आणि याच निकालाचं दुसरं काय कारण असू शकेल. हर्झबर्ग यांनी १९५९ च्या अभ्यासात अभियंते आणि हिशेबनीस यांना विचारलं, कामात फार चांगलं कधी वाटलं आणि फार वाईट कधी? चांगल्याचं श्रेय माणूस स्वतःच्या कर्तृत्वाला देतो आणि वाईटाचं खापर वरिष्ठांवर, धोरणांवर, पगारावर फोडतो. मग हर्झबर्ग यांचे दोन घटक, समाधान देणारे आणि नुसता असंतोष टाळणारे (हायजीन), कामात असतात की आपल्या सांगण्याच्या पद्धतीत? हॉफस्टेड यांची देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारी परिमाणं आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांतून आली आहेत. एका कंपनीच्या नोकरदारांवरून अख्ख्या देशाबद्दल किती बोलावं? हे प्रश्न विचारल्याने सिद्धान्त निकामी होत नाहीत. ते कुठे टेकवता येतील आणि कुठे नाही, ते कळतं. सालांचाही तेव्हाच उपयोग होतो, कारण कोण कोणाला उत्तर देत होतं हे त्यावरून दिसतं. १९११ मध्ये टेलर यांनी काम घड्याळाने मोजायला सांगितलं, हे माहीत असेल तर माणसांच्या आपसातल्या नात्यांकडे बोट दाखवणाऱ्या हॉथॉर्नची एवढी चर्चा का झाली ते समजतं.

आता तुझी केस. चार पानांत तू बहुधा असं लिहिलं असशील: मॅस्लो यांच्या मते गरजा पाच प्रकारच्या असतात, हर्झबर्ग यांच्या मते पगार हा हायजीन घटक आहे, मॅक्ग्रेगर यांनी एक्स आणि वाय असे दोन सिद्धान्त मांडले. त्यात चूक काही नाही. पण तो विभाग उचलून तिथे एखादं रुग्णालय ठेवलं तरी ही पानं जशीच्या तशी चालतील. केसचा तपशील बदलला तरी उत्तर बदलत नसेल, तर सरांचा शेरा बरोबर आहे. स्वतःचं उत्तर तपासायला याहून सोपी कसोटी मला माहीत नाही.

विश्लेषणाची सुरुवात विसंगतीपासून कर. कॉल वाढले, तेच ग्राहक परत आले, अनुभवी लोक गेले. योजना साफ फसली असती तर कॉलही वाढले नसते. म्हणजे बोनसने काम केलं. नेमकं कुठलं काम केलं? एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांच्या अनेक दशकांच्या अभ्यासांतून दिसतं की ‘जमेल तितकं चांगलं करा’ असं मोघम सांगण्यापेक्षा ठोस आणि अवघड लक्ष्य दिलं, आणि माणसाने ते मनापासून स्वीकारलं, तर कामगिरी वाढते. इथे लक्ष्य कॉलच्या संख्येचं होतं आणि संख्या वाढली. तक्रार सुटणं हे लक्ष्य कुणी दिलंच नव्हतं. स्टीव्हन कर यांनी १९७५ मध्ये याच दुखण्यावर लेख लिहिला होता: संस्था बक्षीस एका गोष्टीला देतात आणि आशा मात्र दुसऱ्याच गोष्टीची धरतात. छोटा लेख आहे, जरूर वाच.

पुढे आणखी एक पायरी आहे आणि ती केसमध्ये कुणी लिहून दिलेली नाही. तक्रार अर्धवट ठेवून फोन संपवला की तोच ग्राहक पुन्हा फोन करतो आणि तो नवा कॉल म्हणून मोजला जातो. म्हणजे वाढलेल्या कॉलमधला काही भाग या अर्धवट कामानेच तयार केलेला असू शकतो. व्यवस्थापक ज्या आकड्याला यश समजतोय, त्यातच अपयश दडलेलं असेल. केसमधली दोन वाक्यं शेजारी ठेवल्यावरच हे दिसतं. असं एक निरीक्षण उत्तरात आलं की वाचणारा सावरून बसतो.

मग राजीनामे. स्टेसी ॲडम्स यांचा समन्यायाचा सिद्धान्त सांगतो की आपण किती घालतो आणि किती मिळवतो, याचं प्रमाण माणूस इतरांच्या प्रमाणाशी ताडून पाहतो आणि ते फार विषम वाटलं तर कष्ट कमी करतो, तुलनेचा माणूस बदलतो किंवा निघून जातो. अशा विभागांत अवघड तक्रारी सहसा कुणाकडे वळवतात? अनुभवी लोकांकडे. अवघड कॉल लांबतो, म्हणून त्यांची संख्या कमी भरते, म्हणून बोनस दुसऱ्याला. केसमध्ये अवघड कॉल कुणाकडे जात होते याचा एखादा उल्लेख आहे का, ते पुन्हा वाचून बघ. असला तर तो तुझा पुरावा. नसला तर सरळ लिही की हा माझा अंदाज आहे आणि तो पडताळायला मला कॉलच्या वाटपाची नोंद लागेल. आणि हेही लिही की ते दोघं दुसऱ्याच कारणाने गेले असणं शक्य आहे. विद्यार्थ्यांना वाटतं अशी कबुली दिली की गुण जातात. मी पेपर तपासणारी असते तर याच वाक्याला गुण दिले असते.

सिद्धान्ताशी भांडायलाही घाबरू नकोस. हर्झबर्ग यांच्या मांडणीप्रमाणे पैसा असंतोष टाळतो, पण खऱ्या अर्थाने प्रेरित करत नाही. इथे बोनसने तर वागणं झपाट्याने बदललं. मग हर्झबर्ग चुकले, की वागणं बदलणं आणि कामात मन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत? तुझी बाजू निवड आणि केसमधल्या घटनेनेच ती मांड. चार सिद्धान्त एकामागोमाग उभे करण्यापेक्षा दोघांना एका घटनेवर समोरासमोर आणणं जास्त मोलाचं. व्रूम आणि मॅक्ग्रेगर या उत्तरात आले नाहीत तरी काही बिघडत नाही.

एक सावधगिरी सांगते. अशा केसमध्ये ‘कर्मचारी लोभी झाले’ किंवा ‘त्यांच्यात निष्ठा नव्हती’ असं लिहायचा मोह होतो. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थितीकडे कानाडोळा करायचा, या आपल्या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये मूलभूत आरोपण दोष असं नाव दिलं. कुर्ट लेविन तर त्याच्याही कितीतरी आधी, १९३६ मध्ये सांगून गेले की वर्तन हे व्यक्ती आणि तिचा परिसर या दोहोंतून घडतं. स्वभावाला दोष दिला की विचार तिथेच थांबतो, कारण स्वभाव काही व्यवस्थापकाच्या हातात नसतो. मोजायचं काय, हे मात्र त्याच्या हातात असतं.

शेवटी उपाय सुचवशील, तेव्हा त्या उपायाने काय नवं बिघडेल तेही लिही. समज, तू म्हणालीस की पहिल्याच फोनवर सुटलेल्या तक्रारी मोजा. मग लोक अवघड तक्रार दुसऱ्याच्या गळ्यात टाकायला बघतील. मोजमाप आलं की वागणं त्याभोवती वळतं आणि त्यावर एका वाक्याचा तोडगा नाही. इथपर्यंत आलीस की सरांना तो शेरा पुन्हा लिहिता येणार नाही.

आता तुझा प्रोजेक्ट. तुझ्या समोर ओबीचं एक अख्खं प्रकरण घडतंय आणि तू त्यात रात्री जागून फक्त दमते आहेस.

मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजमाप केलं होतं. ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झालं. ओढणारे वाढले तसं माणशी जोर कमी होत गेला. थोडा भाग ताळमेळ न जमल्याचा होता. पण पुढे १९७४ मध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून एकट्यालाच ओढायला लावलं आणि मागे आणखी माणसं आहेत असं त्याला भासवलं, तेव्हाही जोर घटला. ताळमेळाचा प्रश्नच नव्हता, म्हणजे इथे प्रयत्नच कमी पडत होता. १९७९ मध्ये बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या आणि आरोळ्यांचे प्रयोग करून याला सोशल लोफिंग, म्हणजे गटात असताना अंग चोरणं, असं नाव दिलं. १९९३ मध्ये ७८ अभ्यास एकत्र तपासले गेले आणि त्यातून दिसलं की प्रत्येकाचं काम वेगळं ओळखता आलं, काम अर्थपूर्ण वाटलं आणि आपल्या वाट्याचं काम आपल्याशिवाय होणार नाही अशी खात्री असली, की ही ढिलाई कमी होते.

आता हे तुझ्यावर लावून बघ, रागावू नकोस. तू सगळ्यांचे भाग रात्री पुन्हा लिहितेस. त्यामुळे कुणाचं काय योगदान हे ओळखता येत नाही. आणि आपण लिहिलं काय, न लिहिलं काय, शेवटी जातं ते तिचंच, हे त्यांना पहिल्याच वेळी कळून चुकलं असणार. ते दोघं आळशी असतीलही, मी त्यांना ओळखत नाही. पण आळस परवडेल अशी व्यवस्था तुझ्या चांगल्या हेतूनेच उभी राहिली आहे. ती तू मोडू शकतेस. पुन्हा लिहिणं आजपासून बंद कर. पाचही जण बसा, अहवालाचे भाग पाडा, प्रत्येक भागावर करणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका. भाग असे पाडा की एकाचा आल्याशिवाय दुसऱ्याचा पुढे सरकणार नाही. नावांसकट ती वाटणी सरांना आधीच दाखवून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तक्रार घेऊन जाण्याऐवजी. एखादा भाग सुमार निघाला तर त्यावर शेरे लिहून परत दे, सुधारणा त्यालाच करू दे. एकूण गुण कदाचित थोडे कमी पडतील, आणि ते सोसायची तयारी ठेव.

न बोलणाऱ्या मुलाला मात्र त्या दोघांच्या रांगेत बसवू नकोस. एमी एडमंडसन विद्यार्थिनी असताना रुग्णालयातल्या गटांचा आणि औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले: चांगल्या गटांत चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. खोलात गेल्यावर त्यांना वाटलं की त्या गटांत चुका जास्त होत नसाव्यात, तिथली माणसं त्या मोकळेपणाने सांगत असावीत. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांचा अभ्यास करून गटातली मानसिक सुरक्षितता ही कल्पना मांडली: इथे प्रश्न विचारला, चूक कबूल केली, तर आपलं हसं होणार नाही, असा विश्वास. ज्याने लिहिलेलं न विचारता रातोरात बदललं जातं, तो पुढच्या मीटिंगमध्ये काय म्हणून बोलेल? त्याला एकट्याला भेट आणि विचार, या आराखड्यात तुला काय पटत नाहीये? ‘काही अडचण आहे का’ असं विचारलंस तर ‘नाही’ एवढंच उत्तर येईल. आणि त्याने काही सांगितलं तर त्यातलं एक तरी पुढच्या बैठकीत त्याच्या नावाने मांड.

हे सगळं घडत असताना रोज दोन ओळी लिहून ठेव: कोण बोललं, कोणाचं बोलणं तोडलं गेलं, निर्णय खरा कुठे झाला, मीटिंगमध्ये की मीटिंगनंतरच्या चॅटवर. वहीत नावं टाकू नकोस. हे कुठल्या असाइनमेंटमध्ये वापरायचं असेल तर आधी त्या चौघांना विचार. आणि मित्रांना ‘तू लोफिंग करतोयस’ असं तोंडावर कधी म्हणू नकोस. या विषयाचे शब्द माणसांना चिकटवले की माणसं दुरावतात आणि आपल्यालाही पुढचं दिसेनासं होतं.

राहिला पुढच्या वर्षाचा प्रश्न. आकड्यांची भीती वाटते म्हणून ओबी घेणार असशील, तर स्पष्ट सांगते, घेऊ नकोस. वर मी लिहिलेलं ०.१७ आणि ०.३० आठव. सहसंबंध आणि कार्यकारण यातला फरक, नमुना कसा निवडला, प्रश्नावली जे मोजायचा दावा करते तेच मोजते का, हे समजल्याशिवाय या विषयात पाठांतरापलीकडे जाता येत नाही. संख्याशास्त्राचा एक पायाभूत अभ्यासक्रम तुला लागेल. पण माणसांबद्दलचा एखादा प्रश्न तुला सतावत असला, की तेच गणित तितकं परकं राहत नाही. हे मी अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. आणि ‘हवेतला विषय’ म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान कोसळण्याच्या आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीत सांध्यांची रबरी कडी दगा देतील म्हणून उड्डाण थांबवायला सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं मागे घेतलं गेलं ते व्यवस्थापकांच्या बैठकीत, आणि सात माणसांचे प्राण गेले. धोक्याची माहिती खोलीत हजर असूनही निर्णयापर्यंत का पोहोचत नाही, हा आमच्या विषयाचा प्रश्न आहे. फायनान्समध्ये गेलीस तरी तो तुला तिथल्या बैठकींतही भेटेल.

निवड लगेच करू नकोस. आधी ती केस पुन्हा लिही, चार पानांऐवजी दीड पानात. फक्त दोन सिद्धान्त, एक विसंगती, एक अंदाज आणि तो पडताळायला काय लागेल ते. मग ते घेऊन सरांकडे जा. माझे गुण का कापले, असं विचारू नकोस. यातला कुठला परिच्छेद सर्वांत कच्चा आहे, असं विचार. ते दीड पान लिहिताना वेळेचं भान सुटलं, तर पुढच्या वर्षी ओबी घे. आणि तेही ओझंच वाटलं तर फायनान्स घे, त्यात कसलाही कमीपणा नाही. प्रोजेक्टच्या वाटणीचं काय झालं ते मात्र मला कळव, विशेषतः तो न बोलणारा मुलगा काय म्हणाला ते.

– तुझी ताई